शेल्टी पाळायचा विचार आहे? मग आधी हे वाचा

रानजाई

भूभूंच्या गप्पांमध्ये शेल्टीचा, म्हणजे शेटलंड शीपडॉग या जातीच्या कुत्र्याचा विषय अधूनमधून निघतो, कुणीतरी फोटो टाकतं, सगळे "कित्ती गोड" म्हणतात आणि कामाची माहिती तिथेच वाहून जाते. म्हणून हा स्वतंत्र धागा. आमच्याकडे सध्या दोन आहेत. थोरली सेबल, म्हणजे तांबूस-सोनेरी, नाव सोनी. धाकटा ब्लू मर्ल, राखाडी ठिपक्या-डागांचा, त्याचं नाव अर्थातच ढगू.

पहिलं म्हणजे शेल्टीला मांडीवर बसवायच्या कुत्र्यांत मोजू नका. उंची खांद्यापाशी १३ ते १६ इंच, वजन साधारण ७ ते ११ किलो, त्यामुळे लोक त्याला पॉमेरेनियनच्या रांगेत उभं करतात. पण हा मेंढ्या राखणारा कुत्रा आहे आणि त्याला ते पक्कं ठाऊक असतं. तुम्हाला ठाऊक नसेल तर पंचाईत तुमची.

शेटलंड बेटं स्कॉटलंडच्या उत्तरेला. वारा सतत, झाडं नावालाच आणि जनावरं सगळी ठेंगणी, मेंढ्याही आणि घोडेही. बिनकुंपणाच्या पिकात मेंढ्या शिरायला लागल्या की आरडाओरडा करून त्यांना हुसकायचं, हे या कुत्र्याचं रोजचं काम. त्याला थोराड देह लागत नाही. चपळ पाय, तिखट कान आणि खणखणीत आवाज लागतो. आजच्या शेल्टीत हे सगळं शाबूत आहे, मेंढ्या तेवढ्या गेल्या. मग तो मुलं हाकतो, सायकली हाकतो, झाडू हाकतो. आम्ही सगळे एका खोलीत बसलो आणि एकजण उठून बाहेर गेला की सोनीला चैन पडत नाही. दारात जाऊन उभी राहते, एकदा त्याच्याकडे बघते, एकदा आमच्याकडे, आणि तो परत येऊन बसला की सुस्कारा टाकून आडवी होते.

१९०८ साली तिथल्या लर्विक गावात पहिला क्लब निघाला तो 'शेटलंड कॉली' या नावाने. रफ कॉली, म्हणजे लांब केसांचा मोठा मेंढपाळ कुत्रा, तो पाळणाऱ्यांना ते रुचलं नाही, बरीच वादावादी झाली आणि शेवटी 'शेटलंड शीपडॉग' हे नाव कायम झालं. गंमत अशी की त्याच सुमाराला रफ कॉलीचं रक्त या जातीत भरपूर मिसळलं गेलं. बेटांवरचे मूळ कुत्रे दिसायला आताच्यापेक्षा बरेच साधे होते. या मिसळीचा परिणाम अजून जाणवतो. एकाच वेतातलं एक पिल्लू १४ इंचांवर थांबतं आणि दुसरं १६ ओलांडून पुढे जातं. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमाने १६ इंचांवर गेलेला शेल्टी प्रदर्शनातून बाद. ब्रिटनमध्ये नर ३७ सेंमी आणि मादी ३५.५ सेंमी हे आदर्श माप. घरच्या कुत्र्याला एखादा इंच जास्त झाल्याने काही बिघडत नाही, पण "मिनी कॉली आहे, याहून मोठा होणारच नाही" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो माणूस विकायला बसलाय एवढं समजा.

स्वभाव घरच्यांवर जीव टाकणारा आणि परक्यांशी फटकून. डोक्यावर थोपटायला आलेला पाहुण्याचा हात शेल्टी इतक्या सफाईने चुकवतो की पाहुण्याला वाटतं, आपलाच नेम चुकला. हा जातीचा स्वभाव आहे, तो पुसून टाकायच्या फंदात पडू नये. मात्र परक्यांपासून लांब राहणं वेगळं आणि घाबरून थरथरणं वेगळं. दुसरं होऊ नये म्हणून पिल्लू बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत त्याला जमतील तेवढी माणसं, आवाज, गाड्या, पायऱ्या, छत्र्या दाखवून घ्याव्यात. लसी पूर्ण झाल्या नसतील तर कडेवर घेऊन फिरवा, खाली सोडू नका. घरात चढ्या आवाजात भांडणं होत असतील तर हा कुत्रा टेबलाखाली जाऊन बसेल. रागावून शिकवायची पद्धत इथे चालत नाही, एकदा बिचकला की त्याचा विश्वास परत मिळवायला फार वेळ लागतो.

आणि हुशारी. स्टॅनली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून जी क्रमवारी लावली, तीत शेल्टी सहावा आहे. म्हणजे शिकवलेलं चटकन शिकतो. न शिकवलेलंही शिकतो, उदाहरणार्थ कपाटाची कडी.

भुंकण्याबद्दल मुद्दामच काही लिहिलं नाही, त्यावर खाली युद्ध होणारच आहे.

निवांत_बसलेला

छान लिहिलंय. पण केसांचं काय? खरी धास्ती त्याचीच आहे. उन्हाळ्यात मशीन फिरवून बारीक केले तर कुत्र्यालाही गार वाटेल आणि आपलाही त्रास वाचेल, असं सरळ गणित दिसतं.

पायवाट

भुंकण्याच्या युद्धासाठी जागा धरून ठेवतो.

रानजाई

निवांत, मशीन अजिबात नको. शेल्टीच्या अंगावर दोन थर असतात. वर लांब, सरळ, जरासे राठ केस आणि आत लोकरीसारखा मऊ, दाट थर. वरचा थर ऊन आणि पाणी अडवतो. तो भादरलात की कातडी उघडी पडते, उन्हाने भाजू शकते. शिवाय काही कुत्र्यांचे केस पुन्हा नीट येतच नाहीत, आतली लोकर आधी वाढते आणि अंगावर ठिगळं दिसायला लागतात. कुत्र्याला गरम होतं ते मुख्यतः आतली मेलेली लोकर तशीच साचून राहिल्यामुळे. ती विंचरून काढली की वारा कातडीपर्यंत पोचतो. बाकी सावली, भरपूर पाणी, आणि फिरणं सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. कितीही विंचरलं तरी भर दुपारी पळवायचं नाही.

आता विंचरणं. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा चकचकीत दिसतो आणि आत गाठींचं जाळं तसंच राहतं. त्यावर उपाय म्हणजे थराथराने विंचरणं. त्याला कुशीवर झोपवा (लहानपणापासून सवय केली की घोरतोसुद्धा). फवाऱ्याने केसांवर हलकं पाणी मारा, कोरडे केस विंचरले तर तुटतात. मग पोटाच्या बाजूला डाव्या हाताने केस वर धरून भांग पाडा, कातडीची पांढरी रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून बाहेरच्या दिशेने ब्रश ओढायचा. मग अर्धा इंच वर नवी रेघ. असं पोटापासून पाठीपर्यंत सरकत जायचं. पिनांचा ब्रश पुरतो, पिनांच्या टोकांना गोळे नसले तर उत्तम. शेवटी धातूचा कंगवा घालून बघा. कातडीपर्यंत जाऊन न अडकता बाहेर आला तर काम झालं.

गाठी ठरलेल्या जागी होतात. कानांच्या मागचे रेशमी केस, बगला, मागच्या मांड्यांवरचे झुपके आणि पट्टा असेल तर मानेभोवती. कानामागचं रोज बघा, बाकी अंग आठवड्यातून एकदा-दोनदा. आंघोळीच्या आधी सगळा गुंता काढलेला हवा, कारण भिजलेली गाठ वाळताना आवळून बसते. आणि आंघोळीनंतर आतला थर पूर्ण वाळवा. वरून कोरडा, आत दमट असा राहिला तर कातडीला ओले चट्टे उठतात.

केस गळतात का? बाराही महिने थोडे, आणि मोसम आला की पोत्याने. माद्या बहुधा माजानंतर किंवा पिल्लांनंतर अंगावरचे केस टाकतात, तेव्हा सोनी एकदम निम्मी दिसते.

पाऊलखुणा

अगदी बरोबर. एक भर घालते. पंजाच्या गाद्यांमधले केस कात्रीने कापावेत, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. ढुंगणाभोवतीचेही थोडे कमी करावेत, कारण सांगायला नको. कात्री चालते, मशीन नाही.

दात कुणी लिहिले नाहीत. निमुळत्या जबड्यात दातांची दाटी होते आणि कीटण लवकर बसतं. कुत्र्यांची पेस्ट आणि मऊ ब्रश, जमलं तर रोज. माणसांची पेस्ट नको, काहींमध्ये गोडीसाठी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.

शेपूट_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. शेल्टी घेणाऱ्यांनी, किंवा ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी, केसांच्या आधी औषधांचं वाचावं असं माझं मत. कॉली आणि त्यांच्या भाईबंदांमध्ये एमडीआर-१ नावाच्या जनुकात एक बिघाड आढळतो. हे जनुक असं प्रथिन बनवतं की जे मेंदूत शिरू पाहणारी काही औषधं उलट बाहेर ढकलतं. बिघाड असलेल्या कुत्र्यात ही राखण नसते आणि औषध मेंदूत साचत जातं. २००१ साली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या कॅट्रिना मीली यांच्या गटाने हे कारण शोधलं. रफ कॉलींमध्ये याचं प्रमाण फार मोठं आहे, शेल्टींमध्ये बरंच कमी, पण आपला कुत्रा त्या थोड्यांपैकी आहे की नाही हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन किंवा रक्तावरून तपासणी होते. आयुष्यात एकदाच करायची.

नेहमीचा धोका आयव्हरमेक्टिनचा. हार्टवर्म, म्हणजे हृदयात होणारे जंत, टाळायला महिन्याला जी गोळी देतात तिच्यातलं प्रमाण इतकं कमी असतं की लेबलप्रमाणे दिली तर या कुत्र्यांनाही चालते. पण खरजेसाठी त्याच्या कितीतरी पट मात्रा वापरतात आणि ती जिवावर बेतू शकते. लाळ गळणं, झोकांड्या, बुबुळं मोठी होणं, दिसेनासं होणं, मग झटके किंवा बेशुद्धी. गुरामेंढरांचं जंतनाशक कुत्र्याला कधीही देऊ नका. मेंढ्या-घोड्यांजवळ राहणाऱ्या शेल्टीने नुकतंच औषध दिलेल्या जनावराची लीद खाल्ली तरी हा प्रकार होऊ शकतो.

लोपेरामाइड, म्हणजे जुलाबावर आपण घेतो ती गोळी, तीही याच यादीत आहे. भूल देण्याआधी वापरायचं एसप्रोमझीन, वेदनेवरचं ब्युटॉर्फनॉल, कर्करोगावरचं विनक्रिस्टीन यांच्या मात्रा जपून ठरवाव्या लागतात. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना माहीत असेलच, पण रात्री-अपरात्री दुसरीकडे जावं लागलं तर तिथे आपण होऊन सांगा.

गवतफूल

बाप रे, जुलाबाच्या गोळीचं माहीत नव्हतं. मग जुलाब झाले तर घरी काहीच करायचं नाही?

शेपूट_डॉक्टर

पाणी पीत असेल, खेळत असेल, रक्त नसेल तर मोठा कुत्रा एक दिवस हलक्या खाण्यावर ठेवून बघता येतो. पिल्लू असेल, उलट्याही असतील किंवा मलूल पडला असेल तर वाट बघू नका. गोळी घरच्या डब्यातली द्यायची नाही, एवढंच.

उगाच_एक

सगळं वाचलं. माझं स्पष्ट मत: दिवसभर घराला कुलूप असणाऱ्यांनी आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ही जात घेऊच नये. आमच्या वरच्या मजल्यावर एक आहे. लिफ्ट आली, भुंकला. लिफ्ट गेली, भुंकला. लिफ्ट बंद पडली तेव्हा तर काय झालंय म्हणून भुंकला.

पायवाट

झालं सुरू.

निवांत_बसलेला

माझंही घर तिसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून विचारतो. भुंकल्यावर झटका देणारा किंवा वास सोडणारा पट्टा मिळतो, तो चालतो का? एकाने तर स्वरयंत्राची शस्त्रक्रिया सुचवली.

शेपूट_डॉक्टर

शस्त्रक्रियेचं नावही काढू नका. घशात जखम भरताना चट्टे धरून श्वासाला कायमचा त्रास होऊ शकतो. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणाच्या १९८७ च्या युरोपीय करारात शेपटी-कान कापण्याबरोबर आवाज काढून टाकणंही निषिद्ध आहे. आणि कुत्रा तेवढ्याने भुंकायचा थांबत नाही, बसक्या आवाजात भुंकत राहतो.

रानजाई

झटक्याचा पट्टा शेल्टीला तर मुळीच नको. लिफ्टचा आवाज आला आणि मानेला झटका बसला, तर त्याच्या डोक्यात गाठ पडते ती लिफ्टची. आधी नुसता कळवत होता, आता घाबरून भुंकेल.

उगाच_एक यांचं निम्मं म्हणणं मला पटतं. दिवसभर एकटं ठेवायचं असेल तर शेल्टी नको, त्यात तडजोड नाही. पण फ्लॅटला माझी हरकत नाही. मोठं अंगण असलेल्या घरातला शेल्टी कुंपणालगत धावत दिवसभर भुंकतो, तेही मी बघितलंय. जागेपेक्षा तुमचा वेळ महत्त्वाचा.

आमच्याकडे चालतं ते सांगते. भुंकणं म्हणजे त्याच्या दृष्टीने वर्दी देणं आहे. वर्दी घेतली गेली हे त्याला कळलं पाहिजे. बेल वाजली, ढगू दोन-तीनदा भुंकला की मी उठून दाराकडे बघते आणि नेहमीच्याच आवाजात "बघितलं" म्हणते. त्याबरोबर त्याने आपल्या चटईवर जाऊन बसायचं, तिथे खाऊ मिळतो. सुरुवातीला बेल न वाजवताच नुसतं "बघितलं" आणि चटईवर खाऊ, असं बऱ्याच वेळा करायचं. मग घरातल्याच माणसाने दार वाजवायचं, मग बेल, मग खरा पाहुणा. आपण "ए गप!" असं ओरडलो तर त्याला वाटतं, वा, घरचेही सामील झाले.

बाकी कारणं आधीच कमी करता येतात. खिडकीला खालच्या अर्ध्या भागात धूसर कागद चिकटवला की रस्त्यावरची निम्मी वर्दी बंद. जिन्याचे आवाज येत असतील तर घरात पंखा किंवा हलकं संगीत सुरू ठेवा. आणि मुख्य म्हणजे दमवा, डोक्याने. रोज तासभर तरी चालणं-पळणं लागतंच, पण नुसता चेंडू फेकत बसलात तर तो अधिकाधिक दमदार होत जातो आणि तुम्ही हरता. वासावरून वस्तू शोधणं, एकेका खेळण्याचं नाव शिकून ते आणून देणं, जेवण वाटीत न देता टॉवेलच्या घड्यांमध्ये लपवून देणं, याने शेल्टी लवकर निवतो. ॲजिलिटीचा, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीचा वर्ग मिळाला तर सोडू नका, त्या खेळात ही जात कायम वरच्या फळीत असते. मात्र उंच उड्या हाडांची वाढ पूर्ण झाल्यावरच, साधारण सव्वा वर्षानंतर. तोवर काठी जमिनीवर ठेवून ओलांडायला शिकवा.

एवढं करूनही शेल्टी भुंकतोच. गप्प कुत्रा हवा असेल तर दुसरी जात बघा, याला दोष देऊ नका.

उगाच_एक

वरच्या मजल्यावर "बघितलं" ची चिठ्ठी सरकवतो.

मधली_सुट्टी

आमची मुलं सहा आणि आठ वर्षांची. शेल्टी मुलांना चावतो असं ऐकलं. कॉर्गी घ्यावा का त्याऐवजी? तोही मेंढ्यांचाच ना?

पाऊलखुणा

कॉर्गी वेल्सचा, आणि मुख्यतः गुरं हाकणारा. गुरं हलवायची तर मागून घोट्याला चावा काढावा लागतो आणि लाथ बसायच्या आत खाली दबावं लागतं, म्हणून ते आखूड पाय. तेव्हा टाचेला चिमटा काढण्याच्या बाबतीत कॉर्गी शेल्टीच्या वरचढ आहे. वर लांब पाठ आणि आखूड पाय, त्यामुळे मणक्याची काळजी घ्यावी लागते, जिने आणि सोफ्यावरून उड्या बेतानेच. केस तोही गाळतो. मुलांसाठी म्हणून अदलाबदल करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

शेल्टी दात लावतो तो बहुधा पळणाऱ्या मुलाच्या टाचेला किंवा कपड्याला. मुलं पळतात, किंचाळतात, त्याला वाटतं कळप फुटला. ते सुरू झालं की मुलांना एकच शिकवायचं: झाड व्हायचं. हात छातीशी, नजर वर, जागेवर उभं. हलत नाही ते हाकता येत नाही, त्यामुळे त्याचा उत्साह मावळतो. मग त्याला बोलवून दोरीचं खेळणं द्यायचं. आणि मोठं माणूस समोर नसताना मुलं आणि कुत्रा पळापळीचे खेळ खेळणार नाहीत, हा नियम दोन्ही पक्षांना लागू. तुमच्या मुलांचं वय तसं बरं आहे. रांगतं बाळ असतं तर मी थांबा म्हटलं असतं.

गवतफूल

एक विचारायचं होतं. एकाकडे शेल्टीची दोन पिल्लं आहेत, जवळजवळ पूर्ण पांढरी, निळे डोळे. "अतिशय दुर्मिळ रंग" म्हणून जास्त किंमत सांगतोय. आईबाप दोघेही ब्लू मर्ल, फोटो पाठवलेत. दिसायला अक्षरशः बाहुल्या आहेत. घ्यावं का?

शेपूट_डॉक्टर

आईबाप दोघेही मर्ल आहेत म्हणालात तिथेच उत्तर आलं. मर्ल हा रंग एका जनुकाच्या एका प्रतीने येतो. दोन्हीकडून एकेक प्रत आली तर पिल्लू 'डबल मर्ल' होतं, अंगावर पांढरा रंग फार पसरतो आणि त्याबरोबर बहिरेपणा, अंधत्व, बारीक राहिलेले डोळे असे दोष येऊ शकतात. अशा जोडीच्या प्रत्येक पिल्लामागे ही शक्यता चारात एक असते. हे अपघाताने झालं असेल तर गोष्ट वेगळी, पण दुर्मिळ म्हणून जास्त किंमत लावणारा माणूस पुन्हा तीच जोडी लावणार.

अजून एक बारकावा. सेबल रंगाखाली मर्ल लपू शकतो. पिल्लू असताना छटा दिसते, मोठेपणी साधा सेबल वाटतो. त्यामुळे प्रजननाचा विचार असेल तर नुसत्या रंगावर विसंबू नका, जनुकीय तपासणी करा.

गवतफूल

नाही घेत. पण त्या पिल्लांचं वाईट वाटतं.

पाऊलखुणा

वाटणारच गं. बहिरी कुत्री हातवाऱ्यांवर झकास शिकतात, जमिनीला दिलेली थाप आणि दिव्याची उघडझाप त्यांना कळते. ज्याला जमेल त्याने दत्तक जरूर घ्यावीत. पण दुर्मिळ माल म्हणून जादा पैसे मोजून नको, एवढंच डॉक्टर म्हणताहेत.

निवांत_बसलेला

मग पिल्लू घेताना ब्रीडरला नेमकं विचारायचं तरी काय?

शेपूट_डॉक्टर

डोळे आधी. 'कॉली आय ॲनोमली' हा जन्मजात दोष शेल्टींमध्ये आढळतो. सौम्य असेल तर कुत्र्याचं काही अडत नाही, तीव्र असेल तर डोळ्यातला पडदा सुटून आंधळेपण येऊ शकतं. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात डोळ्यांच्या तज्ज्ञाने तपासलं तर दिसतो. नंतर डोळ्यातला रंग दाट होतो आणि सौम्य दोष झाकला जातो, म्हणून "मोठेपणी तपासू" याला अर्थ नाही. याची जनुकीय तपासणीही आहे.

आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे. 'फॉन विलेब्रँड' हा रक्त न गोठण्याचा आजार, शेल्टींमध्ये त्याचा तीव्र प्रकार आढळलेला आहे, नसबंदीच्या शस्त्रक्रियेआधी हे माहीत असलेलं बरं. पिल्लाच्या नाकाच्या दांड्यावर, डोळ्यांभोवती, कानाच्या किंवा शेपटीच्या टोकाला केस गेलेले, खपल्या धरलेल्या दिसल्या तर खरूज समजून औषध सुरू करू नका. 'डर्माटोमायोसायटिस' हा कातडीचा आणि स्नायूंचा आनुवंशिक आजार असू शकतो, आणि खरजेचं औषध म्हणजे वर लिहिलेलं आयव्हरमेक्टिन. दोन्ही गोष्टी एकाच जातीत असल्याने हा घोळ शेल्टीच्या बाबतीत जास्त महाग पडतो.

प्रामाणिक ब्रीडर हे प्रश्न ऐकून चिडत नाही, कागद काढून दाखवतो. आणि आई दाखवतो. आई तुम्हाला बघून कोपऱ्यात थरथरत असेल तर पिल्लं कितीही सुंदर असोत, परत फिरा.

मधली_सुट्टी

कान एक उभा, एक पडलेला आहे आमच्या ओळखीच्यांच्या पिल्लाचा. आजार वगैरे नाही ना?

रानजाई

छे. दात येण्याच्या काळात कान रोज वेगळ्या मूडमध्ये असतात. प्रदर्शनाला वरचा पाव भाग पुढे मुडपलेला हवा म्हणून ब्रीडर लहानपणी चिकटवून ठेवतात. घरच्या कुत्र्याला त्याची गरज नाही. दोन्ही ताठ उभे राहिले तरी ऐकू तेवढंच येतं, म्हणजे नको तितकं.

पायवाट

आमची मादी दहा वर्षांची आहे. हल्ली सुस्त झालीये, वजन वाढलंय, शेपटीचे केस विरळ. वय म्हणून सोडून द्यायचं का?

शेपूट_डॉक्टर

सोडू नका, थायरॉइड तपासा. या जातीत तो मंदावतो, आणि गोळ्या सुरू केल्या की बहुतेक कुत्री पुन्हा तरतरीत होतात. शेल्टी बारा-चौदा वर्षं जगतो, दहा हे काही गाशा गुंडाळायचं वय नाही. त्याच रक्तात चरबीचं प्रमाणही बघा. शेल्टींना पित्ताशयाचा एक त्रास होतो, आतलं पित्त घट्ट जेलीसारखं होत जातं. बरेच दिवस काही जाणवत नाही, मग अचानक उलट्या, अन्नावरची वासना जाणं, डोळे-हिरड्या पिवळ्या पडणं. पित्ताशय फुटलं तर तातडीची शस्त्रक्रिया. म्हणून आठ वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त आणि पोटाची सोनोग्राफी करायचा आग्रह मी धरतो. तेलकट-तुपकट ताटातलं देणं पूर्ण बंद.

वजन डोळ्यांनी कळत नाही, केस फसवतात. दोन्ही तळवे बरगड्यांवर ठेवा आणि केसांच्या आत बोटं घाला. न दाबता बरगड्या एकेक मोजता आल्या पाहिजेत. दाबावं लागत असेल तर जास्तीचं वजन आहे. आंघोळ घालताना ओल्या अंगाने वरून बघा, कंबर आत गेलेली दिसली पाहिजे.

पायवाट

आत्ताच हात लावून बघितला. बरगड्या सापडल्या नाहीत. उद्या तपासणीला नेतो.

निवांत_बसलेला

शेवटचा प्रश्न, मग ठरवतो. दोन एकदम आणले तर एकमेकांत रमतील आणि भुंकणं कमी होईल, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

रानजाई

कमी होत नाही. एकाने सुरुवात केली की दुसरा कारण न विचारता सामील होतो. शिवाय एका वेतातली दोन पिल्लं एकत्र वाढवली तर ती एकमेकांतच गुंततात आणि तुमच्याकडे लक्ष देत नाहीत, दोघांना वेगवेगळं फिरवणं, वेगवेगळं शिकवणं करावं लागतं. एक आणा. तो "बघितलं" म्हटल्यावर चटईवर जायला लागला, हाकेला यायला लागला, की मग दुसऱ्याचं बघा. सोनी दोन वर्षांची झाल्यावर ढगू आला, त्यामुळे निम्मं तिनेच त्याला शिकवलं. लिफ्टवर भुंकायचंही तिनेच.